पिल्लू घरात आणण्याआधी

गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी, असरच्या नमाजनंतर, माझी मुलगी बुटांचा खोका छातीशी धरून दारात उभी राहिली. खोक्याला पेनाने भोके पाडलेली होती आणि आतून बारीक खरखर ऐकू येत होती. मागच्या गल्लीतल्या एका घरी मांजर व्यायली होती. त्यातले एक पिल्लू आपल्याकडे आणायचे, हे दोन महिने आधीच ठरलेले होते. तरीही खोका प्रत्यक्ष उंबऱ्यावर आला तेव्हा घरातल्या तीन माणसांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी आल्या. मुलीच्या मनात आनंद होता. झोपाळ्यावर तसबीह फिरवत बसलेल्या सासूबाईंनी विचारले, "घर पाक राहील का गं? नमाजचं कसं करायचं?" आणि माझा चौथीतला मुलगा काहीच न बोलता आतल्या खोलीत निघून गेला.

त्याच्या गप्प बसण्याचे कारण मला ठाऊक होते. ते सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी जुलैत, चिपळूणच्या पावसात, तो शाळेच्या कुंपणाजवळून एक पिल्लू उचलून घेऊन आला होता. तळहातावर मावेल एवढे, डोळे नुकतेच उघडलेले. मी ते हातात घेतले तर चिखलाने माखलेले. घरात घ्यायचे तर आधी स्वच्छ, पाक करायला हवे म्हणून मी त्याला नळाखाली धरून साबणाने धुतले. सासूबाईंनी सांगितले म्हणून नव्हे, माझ्याच मनाने. मग कापसाच्या वातीने गाईचे दूध पाजले. दुसऱ्या दिवशी त्याला जुलाब सुरू झाले. मी दुधात पाणी वाढवले. तिसऱ्या दिवशी फजरला उठून पाहिले तर ते टोपलीत थंड पडले होते.

मुलाने परसात फणसाखाली खड्डा केला. संध्याकाळी मदरशातून आला आणि मला म्हणाला, "मम्मी, ती मांजराला कोंडून मारणारी बाई होती ना, तिच्यासारखं आपल्यालापण होईल का?"

ती हदीस बहुतेक घरांतल्या मुलांना माहीत असते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आली आहे. एका बाईने मांजर बांधून ठेवले, स्वतः खायला-प्यायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडेमुंगी खायलाही मोकळे सोडले नाही. त्यापायी ती अजाबची धनी झाली. मी मुलाला म्हटले, तिने ठाऊक असून केले, आपण नकळत केले. तो गप्प झाला, पण त्याचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. वीस वर्षे मुलांना शिकवणारी बाई मी, एवढेसे पिल्लू कसे सांभाळायचे हे कुणाला विचारायचेही सुचले नाही.

पुढे जनावरांच्या डॉक्टरांकडे एकदा शेळीच्या निमित्ताने जाणे झाले, तेव्हा विचारले. त्यांनी सांगितले ते असे. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला आपल्या अंगाची ऊब स्वतः टिकवता येत नाही, ती आईच्या पोटाशीच मिळते. ओले केले की ते गारठते आणि गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आधी ऊब द्यायची, मग अन्न. गाईचे दूध तर बहुतेक मांजरांना बाधते, त्यातली साखर त्यांच्या आतड्याला झेपत नाही आणि जुलाब होतात. एवढ्या लहान पिल्लासाठी औषधांच्या दुकानात वेगळी दुधाची पावडर मिळते. ती पाजतानाही पिल्लू पोटावर ठेवायचे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरले तर दूध फुप्फुसात जाते. आणि सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे ते उचलायचेच नव्हते. आई बहुधा जवळपास खाण्याच्या शोधात गेलेली असते. फार पाऊस नसेल, कुत्री नसतील, तर दुरून काही तास लक्ष ठेवावे. ती येऊन मानेला धरून नेते.

हे सगळे ऐकून घरी आले तेव्हा ठरवले, पुन्हा पिल्लू आणायचे तर दोन महिन्यांचे झाल्याशिवाय नाही. आठ आठवडे ते आईजवळ राहिले की दात आलेले असतात, स्वतः खाते, घाण झाकायला शिकलेले असते आणि भावंडांशी खेळता खेळता किती जोरात चावायचे याचीही समज आलेली असते. म्हणून मागच्या गल्लीतले पिल्लू सप्टेंबरात जन्मले तरी आम्ही नोव्हेंबरपर्यंत थांबलो. मधल्या काळात मुलगी रोज तिकडे जाऊन त्याला हाताळत होती. लहान वयात, दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत, ज्या पिल्लाला माणसाच्या हाताची सवय होते ते पुढे माणसाला फारसे बिचकत नाही. पैसे अर्थातच दिले-घेतले नाहीत. मांजराची किंमत घेण्याची मनाई सही मुस्लिममधल्या एका हदीसमध्ये आहे. बहुतेक फुकहांनी तिचा अर्थ सौम्य लावून विक्री जायज धरली असली, तरी मोहल्ल्यात फुकट पिल्ले मिळत असताना दुकानात जाण्याची गरजच काय?

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते, कारण तो आपल्या बहुतेक घरांत येतो आणि तिथेच पुष्कळ पिल्ले परत पाठवली जातात.

हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या सुनेची हकीकत अबू दाऊद आणि तिरमिजीत आहे. सूनबाई कब्शा यांनी सासऱ्यांच्या वुजूसाठी पाणी ओतून ठेवले. एक मांजर येऊन त्यातले पाणी पिऊ लागली. सासऱ्यांनी तिला हाकलले नाही, उलट भांडे कलते केले, म्हणजे तिला नीट पिता यावे. सून आश्चर्याने बघत राहिली. तेव्हा त्यांनी सांगितले की, मांजर नजिस नाही, ती तुमच्या अवतीभवती सतत वावरणाऱ्यांपैकी आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. दुसरी हकीकत हजरत आयेशा (रजि.) यांची. त्या नमाजमध्ये असताना कुणीतरी त्यांच्यासाठी हरीसा आणला. मांजराने त्यात तोंड घातले. नमाज संपल्यावर मांजराने जिथे खाल्ले होते तिथूनच त्या जेवल्या. मी सासूबाईंना दोन्ही हकीकती वाचून दाखवल्या. त्या म्हणाल्या, "हे मला माहीत आहे. मी केसांचं विचारते."

आमच्या घरात थोडी गंमत आहे. सासर कोकणातले, शाफई. माझे माहेर मिरजेचे, हनफी. लग्नाला वीस वर्षे झाली तरी काही काही बाबतींत आम्ही दोघी आपापल्या पद्धतीने चालतो आणि कुणाचे कुणावाचून अडत नाही. मांजराच्या बाबतीत मात्र दोन्हीकडचे बारकावे समजून घ्यावे लागले. शाफई मसलकात मांजराचे उष्टे पाक आहे. हनफींमध्ये ते वापरता येते, पण दुसरे पाणी असताना टाळावे असे म्हणतात. आत्ताच उंदीर मारून तोंडाला रक्त लागलेली मांजर पाण्यात तोंड घालत असेल, तर ते पाणी कुणीच वापरू नये. केसांचे उलटे आहे. हनफींकडे मांजराचा केस पाक मानतात. शाफईंकडे जिवंत जनावराच्या अंगावरून गळलेला केस, ज्याचे मांस खाल्ले जात नाही त्याचा, नजिस धरतात, पण थोडे केस माफ आहेत आणि ज्यांच्या घरात मांजर वावरते त्यांना त्यात अधिक सवलत आहे. हे आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीतल्या मौलानांनी सासूबाईंना समजावून सांगितले, तेव्हा त्यांच्या कपाळावरची आठी गेली. तुमच्याकडे प्रश्न आला तर तुम्हीही आपल्या आलिमांना विचारा. मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही.

तोड साधी निघाली. जानमाज आता घडी करून कपाटात ठेवतो, खुर्चीवर टाकत नाही. सासूबाईंचा नमाजचा दुपट्टा खुंटीवरून उतरून पेटीत गेला. गादीवरचे केस काढायला भांडी घासायचा रबरी हातमोजा किंचित ओला करून फिरवला की सगळे गोळा होऊन येतात. मूत आणि विष्ठा मात्र दोन्ही मसलकांत नापाकच, त्यामुळे तिची सवय पहिल्या दिवसापासून लावावी लागते. त्याबद्दल पुढे सांगते.

मुलांना एक गोष्ट मात्र मी मुद्दाम सांगितली. प्रेषितांच्या बाहीवर मांजर झोपली होती आणि तिची झोप मोडू नये म्हणून त्यांनी बाही कापली, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. आता ती मोबाइलवर चित्रांसह फिरते. हदीसच्या प्रसिद्ध संग्रहांत ती सापडत नाही. कथा गोड आहे, पण प्रेषितांच्या नावावर सांगायची तर सनद हवी. सनद असलेल्या गोष्टी काय थोड्या आहेत? हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे ते नाव आईवडिलांनी ठेवलेले नव्हे. शेळ्या-मेंढ्या राखताना ते एक छोटे पिल्लू बरोबर नेत, दिवसभर त्याच्याशी खेळत आणि रात्री झाडावर ठेवत. त्यावरून लोक त्यांना ‘पिल्लूवाले’ म्हणू लागले. हजारो हदीस ज्यांच्यामुळे आपल्यापर्यंत आल्या, त्यांची ओळख एका मांजराच्या पिल्लावरून झाली, हे मुलांना बाहीच्या कथेपेक्षा जास्त आवडले.

खोका आम्ही कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत नेला. तिथे सासूबाईंचे शिलाई मशीन, लोखंडी पेटी आणि गाद्यांचा ढीग असतो. पिल्लाला पहिल्याच दिवशी सगळे घर दाखवू नये. त्याने आजवर एक खोली, एक आई आणि तीन भावंडे एवढेच जग पाहिलेले असते. एकदम सहा खोल्या आणि पाच माणसे समोर आली की ते घाबरून कपाटामागे जाते आणि तिथून काढताना ओरबाडते. एका खोलीत राहिले की दोन दिवसांत तिचा वास त्याचा होतो. शेजारणीकडून मी तिच्या मांजराच्या टोपलीतला मळका टॉवेल मागून आणला होता. तो न धुता खोक्यात घातला. शेजारणीला वाटले, मास्तरीणबाईंचे डोके फिरले.

पहिली चूक तिथेच होता होता राहिली. खोली बंद केली, पाण्याची वाटी ठेवली, आणि संध्याकाळी पाहुणे आले त्या गडबडीत इशापर्यंत कुणी आत डोकावलेच नाही. मुलानेच येऊन विचारले, "तिला जेवायला दिलं का?" तो दुपारपासून काही न बोलता एवढेच लक्षात ठेवून होता. त्या बाईचा गुन्हा कोंडण्याचा होताच, पण कोंडून विसरण्याचाही होता. पहिले काही दिवस आपणही पिल्लाला कोंडतोच. म्हणून त्याची जबाबदारी घरातल्या एका माणसावर नावानिशी टाकावी. ‘कुणीतरी बघेल’ म्हटले की कुणीच बघत नाही. आमच्याकडे ते काम त्या रात्रीपासून मुलाने घेतले.

मी दारावर कागद चिकटवला: आत एका वेळी एकच जण. खाली बसायचे. हात पुढे करायचा नाही. ती येईल तेव्हा येईल. मुलीला हा नियम फार जड गेला. पण पहिलीच्या वर्गात जूनमध्ये जे मूल रडत दाराशी बसते, त्याला ओढून पुढच्या बाकावर बसवले की ते आठवडाभर रडते आणि दाराशीच बसू दिले की तिसऱ्या दिवशी आपोआप सरकत पुढे येते, हे मी दर वर्षी पाहते. पिल्लू फिसकारते, अंग फुगवते, तेव्हा ते रागावलेले नसते, भ्यालेले असते. त्याच्याकडे टक लावून बघू नये. मांजराच्या जगात रोखून बघणे म्हणजे भांडणाचे आव्हान. आपण सावकाश डोळे मिटून उघडावेत. काही वेळाने तेही तसेच करते.

पहिले दोन दिवस ती पेटीमागून बाहेर आली नाही. रात्री कुणी नसताना खायची. सकाळी वाटी रिकामी दिसली की मुलाला हायसे वाटायचे. रात्री मात्र बारीक आवाजात रडायची. आईच्या अंगाची ऊब आठवते तिला. प्लास्टिकच्या बाटलीत कोमट पाणी भरून, बूच घट्ट लावून, जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून टॉवेलजवळ ठेवले, तसे रडणे थांबले. तिसऱ्या दिवशी मुलगा खोलीत भिंतीला टेकून पाढे म्हणत बसला होता. तेराचा पाढा अर्ध्यावर असताना ती बाहेर आली, त्याच्या पायाचा वास घेतला आणि मांडीवर चढली. तो तेरा सक्के सांगायचा विसरून तसाच बसून राहिला. मी दाराच्या फटीतून पाहिले आणि आत गेले नाही. राखाडी अंग, नाकावर काळे ठिपके. नाव त्यानेच ठेवले, मिरी.

खाण्याबद्दल. दोन महिन्यांच्या पिल्लाचे पोट लहान, म्हणून दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे. पहिला आठवडा शेजारीण जे देत होती तेच दिले, मग हळूहळू बदलले. मांजर मुळात मांसाहारी आहे. दूध-चपातीवर ती वरवर जगताना दिसते, पण मांसातून मिळणारे काही घटक तिच्या शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत आणि ते मिळाले नाहीत तर डोळे आणि हृदय बिघडते. उकडलेल्या कोंबडीचे तुकडे, उकडलेले अंडे, काटे काढून उकडलेला बांगडा, आणि बरोबर पिल्लांसाठीचे तयार कोरडे खाद्य, असे आम्ही देतो. नुसत्या मासळीवर ठेवू नये. सुकट तर नकोच, तिच्यात मीठ फार. आणि आपल्या घरांतली सगळ्यात मोठी चूक म्हणजे रश्शातला तुकडा काढून देणे. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आपल्याकडे कोणता रस्सा कांद्या-लसणाशिवाय होतो? म्हणून तिचा तुकडा मसाला लावण्याआधीच बाजूला काढायचा. पाणी रोज ताजे, आणि घाणीच्या जागेपासून लांब.

घाणीसाठी उथळ प्लास्टिकचे घमेले घेतले, दोन बोटे उंच काठाचे, म्हणजे तिला चढता येईल. त्यात वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा. आमच्याकडे पावसाळ्यात कोरडी वाळू मिळणे कठीण, तेव्हा भुश्याचे पोते आधीच भरून ठेवावे लागते. खाल्ल्यानंतर आणि झोपेतून उठल्यावर तिला उचलून त्यात ठेवायचे आणि आपल्या बोटाने भुसा थोडा खरवडायचा. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन गेली. एकदा गादीवर मुतली, तेव्हा मुलीने तिचे नाक तिथे घासायला घेतले. तसे मुळीच करू नये. त्याने ती घाण करणे नव्हे, आपल्याला भिणे शिकते. जागा साबणाने धुवून, सिरका लावून पुन्हा धुतली. फिनेल वापरू नका. त्याने मांजराला विषबाधा होते. पुसलेल्या फरशीवरून चालते, मग पाय चाटते.

धोक्यांचे बोलायचे तर घरात फिरायला सोडण्याआधी जमिनीवर बसून, पिल्लाच्या उंचीवरून, एकदा घर पाहावे. सासूबाईंच्या मशीनखालचे दोऱ्याचे तुकडे आणि सुया मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. दोरा गिळला तर आतडे गोळा होते. कपडे धुण्याचे मशीन लावताना आत हात घालून बघायचे. परसातल्या विहिरीवर जाळी टाकली. ह्यांच्या स्कूटरखाली ती झोपते, म्हणून चालू करण्याआधी सीट थोपटायची. उंदराचे विष घरातून कायमचे गेले, कारण विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर तीही जाते. आणि तापाची पॅरासिटॅमॉल. आपण ती मुलांना देतो तशी कुणी प्रेमाने मांजराला देईल. एक गोळीसुद्धा तिचा जीव घेते. माणसाचे कोणतेही औषध आपल्या मनाने देऊ नये.

आठवड्याभरात डॉक्टरांकडे नेले. आधी जंताचे औषध, मग तिहेरी लस, तीन-चार आठवड्यांनी तिचा दुसरा डोस आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीजची. ती पुढे दर वर्षी. तिहेरी लशीत ज्या आजाराला रोखतात त्यातला एक, उलट्या-जुलाबांचा, पिल्लांना दोन-तीन दिवसांत नेतो. दिवसभर काही खाल्ले नाही, किंवा मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच खाली बसत नसेल, तर उद्यावर ढकलू नये.

रेबीजची लस द्यायच्या आधीच मिरीने खेळता खेळता मुलाच्या मनगटावर ओरखडा काढला. दोष आमचाच. बोटे नाचवून खेळायची सवय आम्ही लावली होती. आता काठीला चिंधी बांधून खेळवतात आणि नंतर ती काठी उचलून ठेवतात. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुतली आणि सरळ सरकारी रुग्णालयात गेलो. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. "घरचंच मांजर आहे, काय होतंय," असे सांगणारे चारजण वाटेत भेटले. हळद लावून बसू नका, एवढेच सांगते.

डिसेंबरात नणंद बाळंतपणासाठी माहेरी आली आणि मोहल्ल्यातल्या बायकांनी एकच गिल्ला केला: गरोदर बाई घरात आहे, मांजर सोडून या. नणंदेच्या डॉक्टरांना विचारले. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला बाधतो, हे खरे आहे. पण विष्ठेतला तो परजीवी संसर्ग देण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून घमेले रोज, दुसऱ्या कुणीतरी, साफ केले आणि हात धुतले की भीती फार कमी होते. उलट कच्चे मांस हाताळून हात न धुणे किंवा अर्धेकच्चे मांस खाणे, यातूनही तोच आजार होतो आणि त्याकडे कुणी बोट दाखवत नाही. येत्या बकरी ईदला मांसाच्या पराती घरभर असतील तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवावी. त्या दिवशी पिल्लाला त्याच्या जुन्या खोलीतच ठेवावे. दारे सताड उघडी, माणसांची ये-जा, बकऱ्यांचा आवाज. बिथरलेले पिल्लू अशा दिवशी निघून जाते ते परत येत नाही. चरबी आणि शिजवलेली हाडे देऊ नयेत, हाडांचे कंगोरे घशात रुततात.

नणंदेचे बाळ सुखरूप झाले, अल्हम्दुलिल्लाह. मिरी गेली नाही.

रमजानमध्ये नवाच प्रश्न उभा राहिला. ती जेमतेम सहा महिन्यांची, आणि एका रात्री तरावीहच्या वेळी घसा फोडून ओरडू लागली. जमिनीवर लोळायची, पाठ खाली करून सरपटायची. मुलाला वाटले, पोटात दुखते. डॉक्टर म्हणाले, ती वयात आली. आता बाहेर गेली तर दोन महिन्यांत चार-पाच पिल्ले होतील, वर्षातून दोन-तीनदा होतील. ऑपरेशन करून घ्या.

हा प्रश्न मी मौलानांकडे नेला. त्यांनी दोन्ही बाजू सांगितल्या. हनफी फुकहांनी जनावराच्या खच्चीकरणाला, त्यात फायदा असेल किंवा नुकसान टळत असेल तर, परवानगी दिली आहे. शाफईंच्या जुन्या किताबांत, ज्या जनावराचे मांस खात नाहीत त्याच्या बाबतीत, मनाई आहे. आजचे काही आलिम रस्त्यावरच्या पिल्लांचे हाल पाहून सवलत देतात. आता घर शाफई, सूनबाई हनफी आणि मांजर कुणाचे?

मी सासूबाईंना काही सुचवले नाही. मला काय वाटते ते त्यांना ठाऊक होते. दर पावसाळ्यात कुंपणाजवळ भिजणारी पिल्ले मी पाहते आणि फणसाखालची जागा मला रोज दिसते. पण घरातल्या मोठ्या माणसाच्या मनाविरुद्ध, तेही दीनच्या बाबतीत, करायचे नव्हते. आठवडाभर तो विषय निघाला नाही. मिरी ओरडायची, सासूबाई तरावीहनंतर तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायच्या.

ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्म्याची भांडी पुसताना त्या म्हणाल्या, "डॉक्टरची वेळ घे. मांजर तुझ्या माहेरची आहे असं समज."

पुढच्या रविवारची वेळ मिळाली आहे. आदल्या रात्रीपासून तिला काय द्यायचे आणि काय नाही, याचा कागद मुलाने स्वयंपाकघराच्या दारावर लावला आहे.